सकाळी सातची टिंग

गिरणीत पोचल्यावर कळलं, की डबा आणलाय पण गहू घरीच राहिलेत. बायकोला लगेच कळवलं: ‘डबा आणलाय, गहू विसरलो. ओरडू नकोस.’ घाईत बोट चुकलं आणि हा कबुलीजबाब जगभरच्या प्रोग्रामर मंडळींना गेला.

मी सुप्याच्या एका कारखान्यात प्रोग्राम लिहितो. आम्हा लोकांचं एक गप्पांचं नेटवर्क आहे. त्याला मालक नाही. ज्याला हौस त्यानं घरात एक मशीन चालू ठेवायचं. ही मशीनं आपसात बोलतात, आणि त्यांच्या आडून आम्ही. नाव कोणी विचारत नाही, टोपणनावावर भागतं.

त्या दिवशी मराठीत एकच उत्तर आलं. ‘शेठ, रिकामा डबा वाजवतच घरी जा. वहिनींना लांबूनच कळेल.’

हा गडी देवळाली प्रवराचा निघाला. कॅनॉलच्या कडेला घर, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्ती. माझ्यापासून दोनेक तासांवर. तेव्हापासून रोज सकाळी सातला त्याचं ‘चहा झाला का, शेठ?’ यायचं, सोबत एखादा टोमणा. मी उलटा टोमणा हाणायचो. असं तीन वर्षं.

मग एकदा त्यानं सहज लिहावं तसं लिहिलं, पोटात गाठ निघालीय, तपासायला दिलीय. मी लिहिलं, ‘बंद करून पुन्हा चालू करून बघा.’ आमच्या धंद्यात कशावरही हाच इलाज सांगतात. तो हसला. निदान हसल्याचं चित्र तरी त्यानं पाठवलं.

पुढे मी दोनदा रिपोर्टचं विचारलं. उत्तर ठरलेलं: ‘चहा झाला का, शेठ? काल प्रोग्राम चालला. का चालला, देव जाणे.’ मला वाटलं, विषय टाळतोय. काय हिंमत आहे माणसाची! मीही जोर लावून विनोद करत राहिलो.

एका सकाळी जुनाच टोमणा पुन्हा आला. शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा तिथेच. कप खाली ठेवून मागचे निरोप चाळले. जे काम दोनदा करावं लागतं ते मशीनवर सोपवायचं, ही आमच्या लोकांची खोड. सातचा निरोप तो लिहीतच नव्हता. साठवून ठेवलेल्या टोमण्यांतला एकेक मशीन टाकत होतं.

रविवारी मोटरसायकल काढली. राहुरीच्या पुढे आत वळलो, कॅनॉलवर दुरुस्तीची पाटी सापडली. दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘कोन पायजे?’

तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला त्याचं नावच माहीत नाही.

‘ते... रोज चहाचं विचारायचे...’

त्यांनी दार पूर्ण उघडलं. ‘तुमीच व्हय, शेठ?’

त्याला जाऊन महिना होत आला होता. आत फोटोला हार, आणि खाली फळीवर ते मशीन, हिरवा दिवा लावून.

‘दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी कायतरी करून गेल्ते,’ त्या म्हणाल्या. ‘म्हनले, ह्ये चालू ऱ्हाऊ द्या, शेठ उगं घोर लावून घील. सकाळी सातच्या पुढं टिंग वाजायची. सासूबाई दचकायच्या रोज.’

ती टिंग म्हणजे मी. दुखवट्याच्या घरात रोज सकाळी माझे विनोद वाजत होते.

‘आता तुमीच करा बंद. आमाला हात लावून हुईना.’

केलं. हिरवा दिवा गेला. फोटोला हात जोडले आणि निघालो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि समोर बसली.

‘नाव काय हो त्यांचं?’

‘ते विचारायचंच राहिलं.’

‘म्हणजे फोटोसमोर उभे राहिलात, आणि नाव नाही विचारलंत?’ मग गॅस पुन्हा लावत म्हणाली, ‘पुढच्या रविवारी मी येते. मी विचारीन.’