मोहाकडे वळलेली डिश

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस. आलापल्लीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बिघाड कितीही विचित्र असो, खोलून बघितलं की आत एखादी तुटलेली वायर नाहीतर मेलेलं झुरळ सापडतंच, हा माझा अनुभव. हे एकच प्रकरण असं, की त्यात काहीच सापडलं नाही...

साल २००६ च्या आसपासचं. गावोगावी डिश लागत होत्या आणि मी मोटरसायकलला डिशची छत्री बांधून जंगलातल्या खेड्यांत फिरायचो. माझ्याकडे दोन मीटर होते. एक स्वस्तातला, काट्याचा, सिग्नल आला की टी-टी वाजणारा. तो महाबावळट. झाडाकडे, भिंतीकडे, जमिनीकडे तोंड झालं तरी केकाटायचा. म्हणून पुढे दुसरा घेतला, स्क्रीनवाला. हव्या त्याच उपग्रहाचा सिग्नल धरला तरच तो 'क्वालिटी' दाखवायचा, नाहीतर शून्य. साध्याने शोधायचं, दुसऱ्याने खात्री करायची.

मोहफुलांचे दिवस होते. मारोतीभाऊंच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांची बायको शांताबाई पहाटेच मोहं वेचायला गेली होती. बाकीच्या बाया परतल्या, ती नाही. या दिवसांत मोहाखाली अस्वलंही येतात, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिकडे प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी जात नाही. मारोतीभाऊ आपलं झाड बघून आले होते. खाली फुलं तशीच पडलेली. शेजारचे दोघं नदीकडे शोधायला गेले होते.

मी म्हणालो, "भाऊ, मी उद्या येतो."

"नाई जी, लावा तुम्ही. तिच्यासाठीच तं आणली. येते ते." असं म्हणाले खरे, पण कुत्रं भुंकलं तरी फाटकाकडे बघत होते.

माझंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. खांबावर डिश चढवली, पण मागचा नट आवळायचा राहिला. सोडली तशी ती गर्रकन फिरली आणि मान टाकून उत्तरेच्या जंगलाकडे बघत राहिली. साधा मीटर टी-टी करायला लागला.

"काऊन वाजून राह्यला?" मारोतीभाऊंनी विचारलं.

"झाडं दिसली का वरडते हा. याले अक्कल नाई." मी हसलो आणि निव्वळ सवयीने स्क्रीनवाला जोडला.

क्वालिटी भरलेली. पट्टी पार टोकाला.

आपल्याकडे डिश आग्नेयेला, चांगली वर बघते. उत्तरेला, जमिनीलगत काय असणार? झाडंच. मी डिश थोडी डावीकडे सरकवली, शून्य. उजवीकडे, शून्य. परत तिथेच आणली, पट्टी पुन्हा भरली. वायर बदलली, तरी तेच.

"कुठी दाखवून राह्यला?"

मी नुसतं बोट केलं. मारोतीभाऊ तिकडे बघतच राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिकडं तं आमच्या अक्काचा मोह आहे."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मागच्या पावसाळ्यात वारली. नणंद-भावजयीचा फार जीव होता. यंदा तिच्या झाडाची फुलं कुणी वेचायची नाहीत असं घरात ठरलं होतं, म्हणून तिकडे कुणी शोधलंच नव्हतं.

माणसं गोळा झाली. काठ्या, डबे घेऊन निघालो. मीही गेलो, मला फार भीती वाटत होती. डबे वाजवत झाडाजवळ पोचलो तेव्हा मोहाखालून काहीतरी काळं उठलं आणि झुडपांत शिरलं. पलीकडच्या नाल्यात शांताबाई पडली होती. अस्वलाला बघून मागे सरताना घसरली होती, पाय मोडला होता, आवाज होऊ नये म्हणून तोंडावर पदर दाबलेला. जिवंत होती. मारोतीभाऊ तिच्याशेजारी बसले आणि लहान मुलासारखे रडले.

चार दिवसांनी दवाखान्यात भेटायला गेलो. तिला मीटरचं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "बाई, अक्काच्या मोहाकडं काऊन गेल्या होत्या?"

"फुलं सडून राह्यली होती जी. अक्काले वाईट वाटलं असतं." मग म्हणाली, "पडली तवा अंधारच होता. तवापासून कोणी तरी वाजवून राह्यलं होतं. टी-टी, टी-टी. म्हणून डोळा नाई लागू देल्ला."

त्या वेळी माझा मीटर आलापल्लीत, पिशवीत होता. मी झोपलेलो होतो.

नंतर जाऊन डिश नीट लावून दिली. लावण्याआधी एकदा उत्तरेकडे वळवून पाहिली. शून्य. दोन्ही मीटर खोलले, एकातही दोष नाही. जमिनीवरून टप्पा खाऊन सिग्नल आला असेल, असं एका जाणकाराने सांगितलं. असेल. त्या टी-टीचं काय, हे त्यालाही सांगता आलं नाही, मलाही अजून येत नाही.

फक्त तेव्हापासून कुणाच्याही घरी नट आवळायच्या आधी मी विचारतो, "घरची सगळी माणसं घरी आली ना?" लोक हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत पाना हातातच धरून उभा राहतो.