गोणपाटातली स्कूटर

पुण्याहून मामानं धाडलेली स्कूटर झाशीला पार्सलच्या डब्यातून उतरली, तेव्हा ती स्कूटर आहे हे सांगण्यावरूनच मानायचं होतं. नुसतं गोणपाट, पेंढा आणि सुतळी. हातगाडीवरून ती अंगणात आली. मी थंडीतलं ऊन खात पायरीवर बसले होते. बाबा सुतळी कापत नव्हते, एकेक गाठ सोडवत होते. आतून हळूहळू फिकट निळा पत्रा निघाला, आईच्या धुवट साडीसारखा. बाजारातली सगळ्यांत स्वस्त गाडी ती, पण माझी नजर हटेना.

बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. त्या वर्षी डोळ्यांच्या तपासणीत त्यांना लांबून लाल-हिरवं ओळखता आलं नाही, म्हणून त्यांना कचेरीतल्या खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून घरात त्यांचं बोलणं आटलं होतं. पुन्हा त्यांच्या हातून काहीतरी चालावं, म्हणून आईनं हट्टानं ही गाडी मागवली. मलाही तेच हवं होतं, अगदी जिवापाड.

टाकी रिकामी केल्याशिवाय रेल्वे स्कूटर चढवून घेत नाही. म्हणून बाबांनी डब्यात पेट्रोल आणि ऑइल मिसळलं, खळखळ हलवलं, पातळ फडक्यातून टाकीत ओतलं. प्लग पुसला, आरसे बसवले, चाकांत हवा भरली. मग सुटण्याआधी इंजिनाला घालावा तसा स्कूटरला सावकाश वळसा घातला, प्रत्येक नटाला बोट लावत. पेट्रोलच्या वासानं मला गुंगी येत होती आणि ती दुपार संपूच नये असं वाटत होतं.

आईनं हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी किक मारली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि बाजूला झाले.

"तपासणीत नापास झालेल्यानं गाडी हाकायची नाही," ते म्हणाले.

आई म्हणाली, तो कायदा रेल्वेचा, बडा बाजारात कोण विचारतंय. बाबा ढिम्म. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या नाकावर राग. एवढी सजवलेली गाडी चालवणार कोण? मला तर सायकलही धड येत नव्हती.

इंजिनात माणसं दोन असतात. सिग्नल दिसला की एकजण मोठ्यानं रंग सांगतो, हिंदीत, लाल किंवा हरा, दुसरा तोच परत म्हणतो. बाबांकडूनच हे ऐकलेलं. मी मागच्या सीटवर चढून बसले.

"रंग मी सांगेन. तुम्ही पुढे बसा."

त्यांनी दोन्ही आरसे सरळ केले. मग बसले. लिंबू चिरडलं.

बडा बाजारातून जाताना मी घसा फोडून सांगत होते: सांड, ठेला, डावीकडून सायकल. बाबा प्रत्येक शब्द परत म्हणत होते. दुकानातले लोक हसले, हसू देत. पुढे मऊरानीपूरच्या रस्त्याला गर्दी ओसरली. दोन्हीकडे पिवळी मोहरी, तिरपं ऊन, आणि आम्ही इतके संथ की रस्ताच खालून वाहतोय असं वाटावं. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तशी मी गप्प झाले.

बाबांनी मान जराशी वळवली. "सिग्नल?" त्यांनी ड्यूटीवरच्या आवाजात विचारलं.

समोर नुसता मोकळा रस्ता होता.

"हरा," मी म्हणाले.

"हरा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वेग वाढवला.