खळ धुतलेलं सूत

सूत हातात आलं की संगप्पा ते आधी जिभेला लावायचे. डोळे मिटून, वैद्यानं काढा चाखावा तसे. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी त्यांना त्याचं काही नसे. त्यांची खोली माझ्या दारासमोरच होती, आणि हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतोय. मी शाळेत शिक्षिका होते, मनातलं मनात ठेवायची सवय नाही. तोंडावरच बोलले. ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, खळ ऱ्हायली की सूत पिठावानी लागतंय. मला पीठ लागलं तर उंदराला लागनार न्हाय व्हय?"

संगप्पांनी तीस वर्षं एका चादरीच्या कारखान्यात माग चालवला. कारखाना बंद पडला, त्या जागी मंगल कार्यालय उभं राहिलं, आणि संगप्पा घरी बसून उरलंसुरलं सूत आणून जाळीचे झुले विणू लागले. हे ताण्याचं, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचं सूत असतं. मागावर तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ लावलेली असते. संगप्पा ते दोन दिवस भिजवत, उकळत, आपटत, गल्लीत दोरीवर वाळवत आणि मग चाखत. जिभेला काही लागलं तर पुन्हा बादलीत. आमच्या गल्लीत उंदरांची काही कमी नव्हती, पण त्यांच्या धुतलेल्या सुताच्या एकाही झुल्याला कधी दात लागला नाही.

झुल्यांच्या बाबतीत त्यांची मतं पक्की होती. लेकराची झोळी त्यांनी कधी केली नाही. "ती आईच्या जुन्या लुगड्याचीच पायजे, वास लागतो तिला," म्हणायचे. फार्महाउसवाले मोबाइलवर फोटो दाखवून दोन्ही टोकांना काठ्या असलेला झुला मागत. तसा झुला ते करून देत, पण तोंड वाकडं करून. "काठी लावली की झुला ताठतो बघा, आन् ताठला की मानसाला पालथा पाडतो. बिनकाठीचा मानसाला धरतो." झुला नेण्याआधी प्रत्येकानं त्यात झोपून दाखवलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मलाही भर गल्लीत झोपवलं. "सरळ न्हाय वो बाई, तिरकं. तिरकं झोपलं की पाठ सपाट ऱ्हाते." माझ्या देहाचा आकार पाहता शेजारणींची चांगलीच करमणूक झाली, पण पाठ खरोखर सपाट राहिली.

एकदा मी त्यांना कुठंतरी वाचलेलं सांगितलं. समुद्रापलीकडच्या बेटांवरची माणसं म्हणे झाडाच्या सालीच्या दोऱ्या वळून असेच झुले विणत आणि विंचूकाट्यापासून उंच झोपत. परक्या खलाशांनी ते पाहिलं आणि जहाजांवर नेलं. संगप्पांनी विणणं थांबवलं. "म्हंजे जहाज हाललं तरी आतला मानूस जागच्या जागी," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "तितं आजारी मानसाला पन झुल्यातच ठेवत असतील की?" मी म्हटलं, ठेवत असतील. त्यांना फार बरं वाटलं.

कारण आत, खोलीत, त्यांच्या बायको नीलव्वा झुल्यात होत्या. नीलव्वांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहिले दोन महिने त्या कॉटवर होत्या, तेवढ्यात पाठ सोलून निघाली. त्या जखमा मी पाहिल्या आहेत. त्यांचं वर्णन करणार नाही. संगप्पांनी कॉट विकून टाकली आणि छताच्या लोखंडी तुळईला जाड, मऊ सुताचा झुला टांगला. वाकावं लागू नये म्हणून कमरेएवढा उंच. चहूकडून वारा लागे, एक कड ओढली की नीलव्वांना कुशीवर वळवता येई. वळवताना ते कानडीत "ताळ, ताळ" म्हणत, म्हणजे थांब, थांब. तीन महिन्यांत पाठ भरून आली. ती पुन्हा फुटू द्यायची नाही, एवढं एकच काम त्या माणसाच्या आयुष्यात उरलं होतं. धुण्यानं सूत विरायचं, म्हणून दर सहा महिन्यांनी ते नीलव्वांसाठी नवा झुला विणत.

गेल्या उन्हाळ्यात माझी मुलगी सुट्टीला आली. तिला पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत झुला हवा होता, आणि रविवारी सात रस्ता चौकातून तिची बस होती. मी बुधवारी संगप्पांकडे गेले. ते म्हणाले, "चार दिवसांत न्हाय हुनार बाई. धुन्यातच दोन-तीन जातात." दारात दोरीवर धुतलेलं सूत वाळत होतं. मी विचारलं, हे कुणाचं? "घरचंच हाय." मग हेच वापरा की, मी म्हटलं, घरचं काय, मागाहून करता येईल. त्यांनी सुताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं." रविवारी सकाळी झुला तयार होता. मुलगी खूश झाली.

त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी संगप्पा दुधाला गेले असताना समोरून धप्प असा आवाज आला. मी धावत गेले. झुला एका टोकाला तुटून लोंबत होता, नीलव्वा शहाबादी फरशीवर पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओरडायला वाचा नव्हती, फक्त डावा हात फरशीवर आपटत होत्या. नवव्या दिवशी दवाखान्यातच त्या गेल्या.

त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच पुरतात. नीलव्वांना भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, मान कलू नये म्हणून कापडानं बांधली. जमलेले सगळे सुटली बिचारी, सुटली म्हणत होते. मीही म्हटलं. संगप्पा त्यांच्यासमोर उकिडवे बसून एकटक बघत होते. "तीन वर्सांनी बसली बघा," ते म्हणाले. मला तिथं उभं राहवेना.

पाचव्या दिवशी मी दहीभात घेऊन गेले. संगप्पांच्या मांडीवर तो तुटलेला झुला होता, आणि ते त्याची टोकं एकेक करून जिभेला लावत होते. टांगायच्या कडीजवळचे पदर कुरतडलेले होते, अगदी बारीक, दातांच्या ओळी दिसत होत्या. "पिठावानी लागतंय, बाई," ते म्हणाले. "जुना पार विरला हुता. म्हनलं, हितं तर मीच हाय राखायला. एवढा महिना बिनधुतल्या सुताच्या झुल्यावर काढावा."

मी विचारणार होते, न धुतलेलं का घेतलं? तोंड उघडलं आणि दोरीवर वाळणारं सूत डोळ्यांपुढं आलं. घरचंच हाय, म्हणाले होते. घरी सूत लागणारं दुसरं होतं कोण? मी खाली बसले आणि म्हटलं, "संगप्पा, नीलव्वांचं सूत मी नेलं."

त्यांनी हातातलं टोक खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुमी मागितलं. न्हाय म्हनायला मला तोंड हुतं की." त्यांनी मला दोष दिला असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. त्यांनी दहीभाताचं भांडं घेतलं आणि झाकून ठेवलं.

पावसाळा संपता संपता ते खोली सोडून अक्कलकोटच्या बाजूला मेव्हण्याकडे निघाले. नीलव्वा गेल्यावर त्यांनी एकही झुला विणला नव्हता. पिशवी खांद्याला लावून दारात आले, येतो म्हणाले, दोन पावलं गेले आणि वळले.

"पोरीचा झुला नीट हाय न्हवं?"

आहे, मी म्हटलं.

"ऱ्हानारच," ते म्हणाले. "ते सूत मी लई चांगलं धुतलं हुतं."