उष्टं

पद्मा खिल्लारे अठरा वर्षं मॉन्ट्रियलच्या एका प्रयोगशाळेत ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूवर काम करते आहे. हर्पिस. एकदा अंगात शिरला की तो जात नाही. मज्जातंतूच्या मुळाशी निजून राहतो आणि माणूस थकला की वर येतो. पद्माला त्याला झोपेतच मारायचं होतं. उंदरांत ते निम्मं जमलं. माणसापर्यंत औषध पोचलं नाही.

तिची आजी परभणीकडच्या एका गावात घरोघर उरलंसुरलं मागायची. लोक वरून टाकायचे, ती पदरात घ्यायची. पद्माच्या आईने हे तिला एकदाच सांगितलं आणि वर म्हणाली, "आपण कुणाचं उष्टं खायचं नाही. मेलो तरी नाही."

मॉन्ट्रियलला लागून असलेल्या लव्हालच्या घरात मैत्रेयी जन्मली आणि या वाक्याला प्रयोगशाळेची जोड मिळाली. मैत्रिणीच्या बाटलीतलं पाणी नको, दुसऱ्याच्या चमच्याने केक नको. थुंकीत काय काय असतं, ते पद्माने सहा वर्षांच्या पोरीला फोटो दाखवून समजावलं.

"अगं, पोरगी आहे ती, पेट्री डिश नाही," नवरा वाल्मिक म्हणायचा.

"तुला काय कळतंय? तुम्हा आयटीवाल्यांचा व्हायरस रीस्टार्ट केला की जातो."

वर्षातून दोनदा पद्मा घरात मास्क लावून वावरायची. सर्दी झालीय म्हणायची.

पंधराव्या वर्षी मैत्रेयीने आधी शाळेतलं खाणं सोडलं, मग हॉटेलातलं, मग घरचं. भाजी ढवळताना कुणी चाखली होती का, हे ती तीनतीनदा विचारायची. बेसमेंटमध्ये तासन्‌तास फेऱ्या मारायची. एक्सरसाइज करतेय, असं पद्मा धरून चालली.

पद्माच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर खाण्याच्या विकारांवर काम चालायचं. तिथल्यांनी एकदा पद्माला मदतीला बोलावलं. पिंजऱ्यांत चाकं होती. उंदरांना दिवसातून थोडाच वेळ अन्न दिलं की ते खायचं सोडून चाकावर धावत सुटतात. वेळेवर बाहेर काढलं नाही, तर धावता धावता मरतात. पद्मा तो खडखडाट ऐकत उभी राहिली. उंदरांत जे तिला एका दुपारी दिसलं, ते पोरीत दीड वर्ष दिसलं नव्हतं.

हॉस्पिटलात आणलं तेव्हा मैत्रेयी चौतीस किलो होती. नाडी चाळिसाच्या खाली. नर्स मिशेलने स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारी दुपारपर्यंत तिने तोंडाने काही खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. तुम्ही तिच्याबरोबर जेवा, मादाम. तिच्या ताटातला पहिला घास तुम्ही घ्या. तिला दिसू दे, त्यात भिण्यासारखं काही नाही."

पद्माच्या खालच्या ओठावर त्याच आठवड्यात फोड उठला होता. मास्क काढल्याशिवाय घास घेता येईना. तिने मास्क काढला.

मैत्रेयी बराच वेळ ओठाकडे बघत राहिली. "दॅट्स इट, राइट? यू हॅव इट."

"लहानपणापासून आहे. आईकडून आला असेल."

"सो यू लाइड."

"तुला होऊ नये म्हणून गं."

"वेल, आय डिडन्ट गेट इट." मैत्रेयीने चादर बाजूला सारून आपले पाय दाखवले. "लुक ॲट मी, आई. सो हेल्दी."

त्या दिवशी ताट तसंच परत गेलं. गुरुवारीही गेलं.

शुक्रवारी साडेअकराला पद्मा आली, तेव्हा वाल्मिक खोलीच्या दारातच उभा होता. त्याने तिचा दंड धरला. "आत जाऊ नकोस. खातेय."

शेजारच्या खाटेवरची कॅथरिन सकाळी घरी गेली होती. तिने अर्धं टाकलेलं चीज सँडविच ट्रेमध्ये राहिलं होतं, कडेला दातांच्या खुणा. मैत्रेयी ते हातात धरून चिमणीच्या घासाएवढे तुकडे तोडत होती. चावत होती. गिळत होती. खिडकीशी मिशेल पाठमोरी उभी होती, मुद्दाम.

वाल्मिकच्या डोळ्यांत पाणी होतं. पद्माला मात्र त्या खुणाच दिसत होत्या. तिच्या तोंडून गेलं, "कुणाचं उष्टं आहे ते?"

आवाज मोठा नव्हता. मैत्रेयीने तोंडातला घास टिश्यूत काढला, सँडविच ट्रेमध्ये ठेवलं आणि बोटं एकेक करून पुसली. मिशेलने वळून पद्माकडे पाहिलं. तिला शब्द कळला नव्हता, पण काय झालं ते कळलं होतं.

दुपारी तीनला नळी घालायची ठरली. मुलीचे हात धरायला दोघांपैकी एकालाच आत येता येईल, असं मिशेल म्हणाली.

"बाबा," मैत्रेयी म्हणाली.