पाव फेरा

चावीवाल्याचं खरं नाव कामाच्या हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. सत्तावीस वर्षं तो सात रस्त्यांना पाणी सोडत आला, म्हणून सगळ्यांचा तो चावीवाला. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, खालच्या व्हॉल्व्हवर चावी बसवायचा, पाव फेरा फिरवायचा आणि नुसता उभा राहायचा.

"अहो, उभ्या उभ्या झोप लागली का?" एखादी खिडकी खेकसायचीच.

"पाईप माझ्यापेक्षा म्हातारा आहे, वहिनी. म्हाताऱ्याला दचकवून उठवू नये."

आतली हवा निघून गेली की आणखी पाव फेरा. त्याचं सगळंच असं सावकाश. "तुझं लग्न ठरेपर्यंत मुलगी म्हातारी होईल," आई म्हणायची. ते ठरलंच नाही. आता तो पन्नाशीचा, आई पंचाहत्तरीची, घरात दोघंच.

सोमवारी भर रस्त्यात त्याच्या हातून चावी पडली. पोटात सुरी फिरवावी तशी कळ आली होती. हॉस्पिटलात स्कॅन झाला, आणि डॉक्टरबाईंनी आईला कागदावर नळी काढून दाखवली.

"आतड्याला रक्त नेणारी ही नळी. हिचं आतलं अस्तर फाटलंय आणि रक्त दोन थरांच्या मधे शिरलंय. मार लागून नाही, आपोआप."

"मग शिवा की."

"सध्या हात लावायचा नाही. आतड्याला रक्त पोचतंय. पोट रिकामं ठेवायचं, बीपी खाली ठेवायचं, पडून राहू द्यायचं. बहुतेकदा एवढ्यावर निभावतं. चीर वाढली तर मात्र आत जाळी बसवावी लागेल, नाहीतर आतड्याच्या जिवावर बेतेल. शुक्रवारी पुन्हा स्कॅन करू. तोवर त्यांना कसलाही ताण नको."

"म्हणजे पाव फेरा," चावीवाला कण्हत म्हणाला. त्याला लगेच पटलं.

आईला पटायला जड गेलं. पोराला दुखलं की खाऊ घालायचं, एवढाच उपाय तिला जन्मभर ठाऊक होता, आणि इथे तोंडात पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता. हातात एकच काम उरलं, ताण येऊ न देणं. तिने त्याचा फोन आपल्या पिशवीत तळाशी टाकला.

मंगळवारी तो वाजला. "काकू, मी तुफान." चावीवाल्याच्या जागी तात्पुरता दिलेला माणूस. सगळं एका दमात उरकायचा, म्हणून तुफान. "दादाला द्या ना जरा. मोठ्या रस्त्याची चावी कशी सोडायची, तेवढंच विचारायचंय."

"झोपलाय तो."

बुधवारी तिने सांगितलं, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. गुरुवारी सकाळी फोनच बंद करून टाकला. चार दिवस बाकावर बसून तिच्या पाठीचं लाकूड झालं होतं. चांगलंवाईट ठरवायचंही त्राण नव्हतं.

दुपारी वॉर्डातला नळ खोकला. फुसफुस हवा आली, मग गढूळ पाणी, मग काहीच नाही. डोळे मिटून पडलेला चावीवाला ताडकन उठून बसला.

"लाईन फुटली. मोठ्या रस्त्याची, इथे तिचंच पाणी येतं. कुणीतरी चावी एकदम सोडली."

"पड रे. नळावरून काय कळतंय?"

"आई, तुफानचा फोन आला होता?"

आई खोटं बोलण्यात कच्ची. तिची नजर पिशवीकडे गेली, आणि संपलंच. पडद्यावरचा बीपीचा आकडा एकशे अठरावरून एकशे अडुसष्टवर चढला. चावीवाला पोट धरून वाकला.

सिस्टर धावत आली. "आजी, काय सांगितलंत यांना?"

"काहीच नाही," आई म्हणाली. तेच तर खरं होतं. "चार दिवस काहीच सांगितलं नाही."

डॉक्टरबाईंनी औषध वाढवलं. स्कॅन उद्या नाही, आत्ताच, म्हणाल्या. स्ट्रेचर यायला वेळ होता. आईने फोन चालू केला, तुफानला लावला आणि मुलाच्या कानाशी धरला.

"आजी, अहो फोन कसला देताय!"

"बोलू दे गं बाई. न बोलून काय झालं ते बघितलंस ना."

"दादा, चुकलो," पलीकडून रडवेला आवाज आला. "रस्ता फुटलाय नुसता."

"कुणाला लागलं?"

"नाही."

"मग घाबरू नकोस. आधी टाकीजवळची चावी बंद कर. जोड बसला की पाव फेरा सोड आणि थांब."

"किती वेळ थांबू?"

"घड्याळ बघू नकोस. चावीला कान लाव. फुसफुस थांबली की पुढचा पाव."

बोलता बोलता त्याचाच आवाज खाली आला. एकशे पन्नास. एकशे अडतीस. सिस्टरने आकड्याकडे पाहिलं आणि फोन काढून घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला.

स्कॅनच्या दाराबाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. बसले तर उठता येणार नाही, असं तिला वाटत होतं.

"चीर होती तेवढीच आहे," डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "आतड्याला रक्त नीट जातंय. जाळी नको. पण चावी फिरवायची नाही हं, मी सांगेपर्यंत. पोटावर जोर नको."

आईला धड हसूही आलं नाही. ती तिथेच खाली बसली.

शनिवारी सिस्टर म्हणाली, "आजी, आज दोन चमचे पाणी द्या."

आईने पहिला चमचा त्याच्या ओठांना लावला. त्याने गिळलं. तिने लगबगीने दुसरा भरला, तसा त्याने हात वर केला.

"थांब जरा."

आई भरलेला चमचा धरून थांबली.