पेन वाजला नाही

दिघाशीच्या हिरामणाला वीज वासावरून कळते, असं आमच्या गावात म्हणत. भिवंडीच्या लूम कारखान्यांत त्याने वीस वर्षं वायरिंग केलं. खिशाला करंट दाखवणारा पेन असे. वायरीजवळ नेला आणि वाजला, तर वीज चालू. गप्प राहिला, तर खुशाल हात घालायचा.

लूम कमी झाले, तसा तो मेव्हण्याला, धनेशला, घेऊन काल्हेरच्या गॅरेजात लागला. तिथे हायब्रीड गाड्या येऊ लागल्या होत्या, पेट्रोलसोबत मोठ्या बॅटरीवर चालणाऱ्या. टेस्टर घ्यायला गेला, तेव्हा दुकानदाराने दोन टोकांचा पुढे केला.

"दादा, हा घ्या. बॅटरीत डीसी करंट असतो. पेनाला फक्त घरातला एसी कळतो, हा कळत नाही."

"दोन हातांत दोन काड्या धरून मोती ओवू का काय?" हिरामण हसला. "करंट माझा जुना सोयरा हाय." त्याने नवा पेनच घेतला.

आठवड्यानंतर एका गाडीची बॅटरी उघडली. तिचा वीज तोडणारा प्लग आधी काढायचा असतो, जाड रबरी मोजे घालायचे असतात. हिरामणाने दोन्ही न करता थेट जास्त व्होल्टच्या केशरी वायरीजवळ पेन नेला. तो वाजला नाही.

"दाजी, नक्की ना?" धनेशने विचारलं.

"घाल रे हात. पोरीसारखा काय भितोस?"

धनेशचा हात आत चिकटला. हिरामणाने झाडूच्या लाकडी दांड्याने तो सोडवला. जीव वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं कायमची ताठरली.

आता हिरामणाकडे दोन टोकांचा टेस्टर आहे, हजार व्होल्टचा. प्लग काढून, आत साठलेला करंट उतरेपर्यंत, दहा मिनिटं तो नुसता बसतो. मग टेस्टर चालतो का ते चांगल्या बॅटरीवर बघतो, गाडीवर लावतो, पुन्हा त्या बॅटरीवर लावून खात्री करतो. हे सगळं त्याने फार उशिरा शिकून घेतलं.

परवा तो टेमघरला धनेशच्या घरी गेला. धनेशने डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला.

"परत ये," हिरामण म्हणाला. "पाना मी धरीन. तू फक्त टेस्टरचा आकडा वाच."

"आकडा वाचीन, दाजी," धनेश सावकाश म्हणाला. "पण तुमी 'घाल हात' म्हणालात, तर माझा हात आता उचलणार न्हाय."

हिरामणाने कप खाली ठेवला. मग तो एकटाच काल्हेरला परतला.