काकीचा जुना केसपेपर

माझ्या काकीच्या पोटात काय आहे आणि काय नाही, हे शोधायला मला पाच दिवस लागले. संस्थान विलीन होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी नुकता मास्तर झालो होतो, आणि घरात इंग्रजी वाचता येणारा एकटाच, म्हणून दवाखान्याची सगळी कामं माझ्या गळ्यात.

काकीच्या उजव्या कुशीत दुखायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी आठ दिवस लाल औषध दिलं, मग पिवळं दिलं, आणि दोन्ही रंग संपल्यावर मिरजेच्या एका सर्जनच्या नावानं चिठ्ठी लिहून पाकीट चिकटवून दिलं. चिठ्ठीशिवाय मोठे डॉक्टर बघत नाहीत, अशी सगळ्यांची समजूत होती. काकीनं ते पाकीट धुतलेल्या रुमालात बांधून कमरेला खोवलं. मिरजेच्या गाडीत मी ते मागून घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. एक अक्षर लागलं नाही. सर्जननी ते फोडलं तेव्हा मात्र मी मान लांब करून वाचलंच. माणसं चांगली आहेत, कृपया तपासावं. एवढंच.

सर्जननी तपासलं. पोटावर एक जुना व्रण होता.

"हे ऑपरेशन कसलं? अपेंडिक्स काढलं का?"

"गाठ हुती म्हणं," काकी म्हणाली. "मला झोपवलं हुतं की. मी काय बघितलंय?"

त्यांना हसू आलं, पण मला बाजूला घेऊन त्यांनी नीट सांगितलं. अपेंडिक्स आधीच काढलेलं असेल तर दुखणं दुसरं आहे, औषधानं भागेल, कापायचं कारण नाही. आत तसंच असेल तर मात्र कापायला हवं, आणि लवकर. आत फुटलं तर बाई हाताला लागणार नाही. तेव्हा जुना केसपेपर आणा, आठवड्याच्या आत.

घरी येऊन विचारलं तर आणखीच गोंधळ. ऑपरेशन झालं तेव्हा काका मोजणी खात्याच्या नोकरीत गडहिंग्लजकडे शेतं मोजत होते. ते परत आले तेव्हा काकी भाकरी थापत होती. माझी आई म्हणाली, आतडं कापलं. शेजारीण म्हणाली, पित्ताचा खडा काढला, मी बाटलीत बघितलाय. सगळ्यांचं खरं धरलं असतं तर काकी आतून रिकामीच असायला हवी होती.

जिथं ते ऑपरेशन झालं होतं, त्या गावातल्या जुन्या दवाखान्यात मी गेलो. कारकुनानं साल विचारलं. काकीचं उत्तर मी पाठ करून गेलो होतो: थोरली म्हैस दुसऱ्यांदा व्याली ते साल. म्हशींचं रजिस्टर आमच्याकडे नसतंय, तो म्हणाला. लढाई चालू होती एवढं नक्की होतं, म्हणून त्या वेळची तीन जाड रजिस्टरं बघायची ठरली. ती संस्थानी काळातली, त्यामुळे दुसऱ्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे. त्यात एक दिवस गेला. बायकांची नोंद नवऱ्याच्या नावानं शोधायची रीत होती. दोन दिवस मी काकांचं नाव शोधलं. कुठेच नाही.

मग कारकुनानंच मला खुणेनं बोलावलं.

"पावणं, एक बाई गावलीया. नाव त्येच, गल्ली तीच, वयबी बसतंय. पर नवरा दुसराच हाय." मग आवाज उतरवून म्हणाला, "काकींचं ह्ये दुसरं लगीन काय?"

मी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. नवऱ्याच्या जागी आमच्या शेजारच्या तालमीतल्या वस्तादांचं नाव होतं. वस्ताद जन्माचे ब्रह्मचारी. समोरून बाई आली तर रस्ता बदलणारा माणूस.

तसाच तालमीत गेलो. वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती उकरत होते. हळूहळू उलगडा झाला. काकी त्या दिवशी दारातच कोसळली, तेव्हा त्यांनीच तिला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं. नवऱ्याचं नाव काय विचारल्यावर काकी गप्प. जीव गेला तरी ती ते घेणार नव्हती. अशा बायका रोज येणार, म्हणून तिथल्या माणसानं सवयीप्रमाणे सोबतच्या पुरुषाला त्याचं नाव विचारलं आणि लिहून टाकलं.

मी म्हणालो, कागद नवऱ्याला मिळतो, तेव्हा उद्या तेवढी सही करा.

"मास्तर, लंगोट बांधलेला माणूस हाय मी. नवरा म्हणून सही करू?" त्यांना घाम फुटला होता. घाम मला जरा जास्तच वाटला, पण तेव्हा कारण कळलं नाही.

राहता राहिली काकी. रोग्यानं रजिस्टरातला तपशील बरोबर सांगितला तर कागद रोग्यालाही मिळत होता. दुसऱ्या दिवशी काकी, काका आणि मी टेबलासमोर उभे राहिलो. नाव झालं, गल्ली झाली.

"नवऱ्याचं नाव?"

काका छताकडे बघू लागले. रजिस्टरात काय लिहिलंय ते मी काकीच्या कानात सांगितलं. "ह्ये व्हय," असं म्हणून तिनं वस्तादांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, खणखणीत आवाजात घेतलं. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. कारकुनानं बरोबरची खूण केली.

पंचवीस वर्षांत माझं एकदा घेतलं नाहीस, काका पुटपुटले.

"तुमचं कसं घीन? ह्यांचं घ्यायला काय हुतंय? त्ये काय माझं नवरं हायत?"

कारकुनाची लेखणी थबकली, पण कागद माझ्या हातात आला होता.

व्हरांड्यात मी तो मराठीत करून वाचला. गळू होतं, पू काढला. अपेंडिक्स आत ठेवलं आहे. सहा महिन्यांनी काढायला आणावं. आणि शेवटची ओळ: नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं आहे.

"मला?" काका म्हणाले. "मला कधी सांगितलं?"

कोणत्या नवऱ्याला सांगितलं, ते आम्हा तिघांना एकदमच कळलं.

वस्ताद तालमीच्या पायरीवर बसले आणि खाली मान घालून बोलले. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, तुमच्या बायकोला सहा महिन्यांनी परत आणा. निरोप द्यायचा तर डॉक्टर आपल्याला कोण समजले तेही सांगावं लागणार.

"जीभच उचलंना. मग वैनी हिंडाय-फिराय लागल्या. म्हटलं, बरं झालं आसंल."

नऊ वर्षं. काका आता काय करतात, ते मी बघत होतो. खरं सांगायचं तर एक चांगलं भांडण बघायची माझी तयारी झाली होती. काका फक्त म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं आमच्यासंगं चला."

मिरजेला ऑपरेशन झालं. आम्ही तिघे बाहेरच्या बाकावर. दार उघडून सर्जन आले आणि बाईंचे मालक कोण, असं विचारलं. काका उठले, वस्ताद उठले, त्यांना बघून मीही उठलो. सर्जन एकेकाकडे बघत राहिले.

"तिघांनाबी सांगा डॉक्टर," काका म्हणाले. "एकट्याला सांगितलेलं आमच्यात पोचत न्हाई."

काढलं आहे, फुटलं नव्हतं, बाई ठीक आहेत, आठव्या दिवशी टाके काढू. सर्जन आत गेले. वस्ताद अजून उभेच होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. आठव्या दिवशी टाके, आठव्या दिवशी टाके.